सेंट्रोसोममधलं ‘मुख्य’ प्रथिन शोधू नका

सेंट्रोसोम म्हणजे पेशीतलं ते ठिकाण, जिथून सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या अतिशय बारीक नळ्या) उगवतात. तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मानवी पेशींना एसआयआरएनए (ठरावीक प्रथिन बनणं रोखणारा छोटा आरएनए) देऊन पेरिसेंट्रिन हे प्रथिन कमी केलं. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनाचं प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीतली पट्टी जवळजवळ गेली. तरीही विभाजन चाललेल्या पेशींत गॅमा-ट्यूब्युलिनचे (सूक्ष्मनलिका सुरू करून देणाऱ्या प्रथिनाचे) दोन ठिपके दिसतच राहिले. पुस्तकात तर पेरिसेंट्रिन हा सेंट्रोसोमचा सांगाडा असं लिहिलेलं आहे. मग चुकलं कोण, पुस्तक की प्रयोग? आणि पेरिसेंट्रिन नसेल तर सेंट्रोसोम बांधणारं मुख्य प्रथिन कोणतं?

प्रयोगाकडे शेवटी येतो. खरी अडचण शेवटच्या प्रश्नात आहे. पूर्ण संच तिथे एकवटला नाही, तर सेंट्रोसोममधलं कुठलंही प्रथिन एकट्याने फारसं काही करत नाही. काही प्रथिनं जागा ठरवतात, काही वेळ ठरवतात, काही जाळं विणतात, काही त्या जाळ्यात येऊन काम करतात. यांतल्या कोणाला ‘मुख्य’ म्हणायचं हे तुम्ही कुठल्या टप्प्यावर बघताय त्यावर ठरतं. म्हणून टप्प्यांनीच जाऊ.

सेंट्रोसोमला पटल (बाहेरचा पापुद्रा) नसतं. मध्ये सेंट्रिओल या छोट्या नळकांड्यांची जोडी असते. मानवी पेशीतला एक सेंट्रिओल साधारण ५०० नॅनोमीटर लांब आणि २५० नॅनोमीटर रुंद असतो, आणि त्याची भिंत सूक्ष्मनलिकांच्या नऊ त्रिकांची असते. त्याभोवती प्रथिनांचं दाट आवरण असतं, त्याला पीसीएम म्हणतात. जुन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत ते नुसता काळपट धुरकट डाग दिसायचं, त्यामुळे बराच काळ त्याच्या रचनेबद्दल कुणी ठामपणे बोलत नव्हतं. पण तर्कू (विभाजनात गुणसूत्रांची वाटणी करणारी रचना) बांधणाऱ्या सूक्ष्मनलिका निघतात त्या मुख्यतः या आवरणातूनच. सेंट्रिओलचं काम वेगळं आहे: आवरण कुठे साचेल आणि पेशीत अशा जागा किती असतील, हे तो ठरवतो. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ संपतो.

सेंट्रिओलची नऊ ही संख्या कुठून येते? याचं उत्तर २०११ मध्ये दोन गटांनी सास-६ या प्रथिनाची स्फटिकरचना उलगडली तेव्हा बऱ्याच अंशी मिळालं. सास-६ च्या रेणूला एका टोकाला गोल डोकं आणि मागे लांब शेपूट असते. दोन रेणूंच्या शेपट्या एकमेकींत पिळल्या जाऊन जोडी बनते आणि मग एका जोडीचं डोकं शेजारच्या जोडीच्या डोक्याला चिकटतं. हा जोड अशा कोनात बसतो की नऊ जोड्यांमध्ये वर्तुळ पूर्ण होतं, म्हणजे प्रत्येक जोडीमागे ४० अंश. शेपट्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरतात. हेच ते कार्टव्हील, म्हणजे सेंट्रिओलच्या गाभ्यातलं चाक.

इथे दोन गोष्टी बहुतेक पाठ्यपुस्तकं गाळतात. पहिली, डोक्या-डोक्यांमधला हा बंध कमकुवत आहे. पेशीद्रवात सास-६ ज्या विरळ प्रमाणात असतं, त्या प्रमाणात वर्तुळं आपोआप जुळण्याची शक्यता फार कमी. कोणीतरी ते एका जागी गोळा करावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे नऊचा आकडा एकट्या सास-६ वर अवलंबून नाही. क्लॅमिडोमोनस या शैवालात सास-६ चं जनुक निकामी केलं तर बहुतेक सेंट्रिओल बनतच नाहीत, पण जे थोडे बनतात त्यांतल्या पुष्कळांत नऊच त्रिकं असतात आणि काहींत सात-आठ किंवा दहा-अकरा. म्हणजे नऊकडे ओढणारं सास-६ खेरीज आणखीही काही आहे. भिंतीतल्या सूक्ष्मनलिका आणि त्यांना कार्टव्हीलशी जोडणारं सेप-१३५ यांचा त्यात वाटा आहे. सगळ्यात स्वच्छ दिसणारी रचनासुद्धा एका प्रथिनाच्या नावावर करता येत नाही ती अशी.

सास-६ ला एका जागी गोळा करण्याचं काम पीएलके-४ हे काइनेज (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं विकर) सुरू करतं. पेशी विभाजनातून नुकतीच बाहेर पडलेली असते तेव्हा पीएलके-४ जुन्या सेंट्रिओलभोवती कडं करून असतं. त्याला तिथे धरून ठेवतात सेप-१५२ आणि सेप-१९२. डीएनएची प्रत काढायला सुरुवात होण्याच्या सुमारास ते कडं आकसून एकच ठिपका उरतो आणि नवा सेंट्रिओल त्या ठिपक्यावरच, जुन्याला काटकोनात उगवतो. कड्याचा ठिपका होण्यामागची युक्ती मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. पीएलके-४ स्वतःवरच फॉस्फेट लावतं आणि तीच खूण त्याला नष्ट करणाऱ्या यंत्रणेला बोलावते. जितकं जास्त सक्रिय, तितकं लवकर मरण. पण स्टिल नावाच्या प्रथिनाशी बांधलेलं पीएलके-४ सक्रिय राहूनही टिकतं. मग जिथे दोघांची थोडी जास्त गाठ पडली तिथे ते वाढत जातं आणि बाकी कड्यावरचं पुसलं जातं. पीएलके-४ ने फॉस्फेट लावलेलं स्टिल सास-६ ला धरतं आणि कार्टव्हील सुरू होतं. पेशीत पीएलके-४ मुद्दाम वाढवलं तर एका जुन्या सेंट्रिओलभोवती चार-सहा नवे उगवलेले दिसतात. सेंट्रिन या सेंट्रिओलमधल्या प्रथिनाचं रंजन करून ही पेशी एकदा पाहिली की ‘एकास एक’ हा नियम किती नाजूक तोलावर उभा आहे ते लक्षात राहतं.

सेंट्रिओलची लांबी सीपॅप आणि टोकावरचं झाकण असलेलं सीपी-११० ही दोन प्रथिनं आवरून धरतात. सीपॅप जास्त झालं की सेंट्रिओल वेडावाकडा लांबत जातो. यावर बोलण्यासारखं बरंच आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा फार संबंध नाही.

संबंध आहे तो पुढच्या टप्प्याशी, आणि नेमका तोच विद्यार्थी विसरतात. नवा सेंट्रिओल जन्मतःच सेंट्रोसोम नसतो. त्याला स्वतःचं आवरण धरता येत नाही, स्वतःची प्रतही काढता येत नाही. त्याला एकदा विभाजनातून जावं लागतं. त्या वेळी पीएलके-१ हे दुसरं काइनेज काम करतं, सेप-२९५ मार्फत भिंतीवर सेप-१५२ आणि सेप-१९२ चढतात, मानवी पेशीत आतलं कार्टव्हील गळून पडतं आणि मग तो जुन्याच्या बरोबरीला येतो. जुन्या-नव्याची घट्ट जोडी सुटते तीही विभाजनाच्या शेवटी, सेपरेज या विकरामुळे. गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती सोडवणारं विकरही हेच. पुढे असंही दिसलं की सेपरेज पेरिसेंट्रिनलाच कापतं. तुमचं पेरिसेंट्रिन नुसती वीट नाही, वेळेवर तोडायचं कुलूपही आहे, हे ध्यानात असू द्या.

आता आवरणाकडे. २०१२ मध्ये चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी अतिसूक्ष्म विभेदनाच्या सूक्ष्मदर्शकाने दाखवलं की विभाजन चालू नसताना हा धुरकट डाग प्रत्यक्षात नीट थरांचा असतो. पेरिसेंट्रिन तीन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन आहे. त्याचं एक टोक सेंट्रिओलच्या भिंतीपाशी रुतलेलं आणि दुसरं बाहेरच्या दिशेला गेलेलं दिसलं. इतर प्रथिनांनाही भिंतीपासून आपापलं ठरलेलं अंतर होतं. पुस्तकातला ‘सांगाडा’ हा शब्द इथे शोभतो.

पण हा झाला पातळ थर. विभाजनाच्या तोंडावर तोच थर झपाट्याने फुगतो, गॅमा-ट्यूब्युलिन काही पटींनी वाढतं, आणि हे फुगलेलं आवरण आतल्या थरासारखं शिस्तीत रचलेलं नसतं. पेरिसेंट्रिनची लांबी कितीही असली तरी इतक्या जाडीला ती पुरणार नाही. सेंट्रिओलला न टेकताही एकमेकांना धरून ठेवणारं जाळं इथे लागतं. हे जाळं कशाचं, याचं उत्तर सगळ्यात स्पष्ट मिळालं ते माशी आणि कृमी यांच्यात.

फळमाशीत जाळं सीएनएन या प्रथिनाचं असतं आणि सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या कृमीत एसपीडी-५ चं. मानवी पेशीत सीएनएनचा भाऊबंद म्हणजे सीडीके५आरएपी२. एसपीडी-५ आणि सीएनएन यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य फारच कमी आहे, पण दोघांचा पिंड एक: लांब गुंडाळलेल्या दोरांचे तुकडे, मध्ये लवचीक भाग, आणि पोलो घराण्यातलं काइनेज फॉस्फेट लावील अशा जागा. पीएलके-१ हे मानवातलं पोलोच. माशीतलं पोलो १९८८ मध्येच माहीत झालं होतं आणि त्याच्या उत्परिवर्तनात तर्कूची टोकं बिघडलेली दिसली होती. १९९६ मध्ये मानवी पेशींत पीएलके-१ विरुद्धचं प्रतिपिंड टोचलं तेव्हा विभाजनातले सेंट्रोसोम लहान राहिले. फॉस्फेट लागला की सीएनएनचे तुकडे एकमेकांना घट्ट धरतात. फॉस्फेट लागूच नये असा बदल जनुकात केला, तर सेंट्रिओलजवळचा पातळ थर राहतो आणि बाहेरचं फुगणं थांबतं.

मग हे फॉस्फेट पेशीभर न लागता सेंट्रोसोमपाशीच का लागतं? कारण काइनेज तिथेच जागं केलं जातं. सेप-१९२ (कृमी आणि माशीत एसपीडी-२) सेंट्रिओलच्या भिंतीवर बसतं आणि ऑरोरा-ए ला धरतं. दाटीमुळे ऑरोरा-ए एकमेकांना चालू करतात, चालू झालेलं ऑरोरा-ए त्याच सेप-१९२ वर बसलेल्या पीएलके-१ ला चालू करतं, आणि पीएलके-१ आसपासच्या जाळ्याच्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतं. त्याने आणखी सेप-१९२ येऊन बसायला जागा होते. हे चक्र सेंट्रिओलपाशी सुरू होतं म्हणून आवरण तिथेच वाढतं. माशीच्या भ्रूणात चमकणारं सीएनएन प्रकाशाने मिटवून पाहिलं तर नवं सीएनएन आधी मध्यभागी, सेंट्रिओललगत परततं आणि मग सावकाश बाहेर सरकतं. काठावर थेट येऊन बसत नाही. कृमीत मात्र एसपीडी-५ जवळजवळ सगळ्या जाडीत एकदम मिसळतं. हेतू एकच, पण बांधणीचा क्रम प्राण्यागणिक वेगळा. म्हणून माशीतलं चित्र उचलून मानवी पेशीवर चिकटवताना मी जरा सावध असतो.

हे जाळं द्रव की घन, यावर गेली काही वर्षं बरीच शाई खर्च झाली आहे. शुद्ध एसपीडी-५ दाटी करणाऱ्या द्रावणात ठेवलं की गोल थेंब बनतात, ट्यूब्युलिन त्यांच्यात कित्येक पटींनी गोळा होतं आणि त्यातून सूक्ष्मनलिका फुटतात. हा प्रयोग सुंदर आहे. पण तेच थेंब काही मिनिटांत घट्ट होतात आणि एकमेकांत मिसळणं थांबतं. जिवंत भ्रूणात एसपीडी-५ एकदा जाळ्यात बसलं की आतल्या आत फारसं हलत नाही. हलतात ती काइनेज आणि इतर ये-जा करणारी प्रथिनं. माझं मत विचाराल तर विभाजनाच्या मध्यावरचं आवरण ओल्या स्पंजासारखं आहे, ज्याचे धागे जागच्या जागी असतात आणि पाणी फिरत असतं. ‘द्रव थेंब’ हे चित्र प्रचारात जितकं सोपं झालं तितकं ते भक्कम नाही. तर्कूचं ओढणं सोसायला ताकद लागते, ती थेंबात येणार नाही.

या जाळ्यात येऊन खरं काम करतं ते गॅमा-ट्यूब्युलिन. १९८९ मध्ये अ‍ॅस्परजिलस या बुरशीत ते पहिल्यांदा सापडलं. इतर प्रथिनांबरोबर त्याचं शंकूच्या आकाराचं कडं बनतं आणि ते सूक्ष्मनलिकेची पहिली ओळ बसवून देतं. सुटं असताना हे कडं थोडं उघडं, सूक्ष्मनलिकेच्या मापात न बसणारं असतं, म्हणून पेशीद्रवात ते सुस्त असतं. सीडीके५आरएपी२ च्या एका टोकावरचा छोटा भाग त्याला धरून चालू करतो आणि नेड-१ त्याला सेंट्रोसोमवर आणायला मदत करतं. पेशीतलं बहुतांश गॅमा-ट्यूब्युलिन कुठल्याही क्षणी पेशीद्रवातच असतं, सेंट्रोसोमवर नसतं. तुमच्या छायाचित्रांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

आवरणाची मोडणी थोडक्यात सांगतो. गुणसूत्रं दोन बाजूंना निघाली की काइनेजचा जोर उतरतो, फॉस्फेट काढणारी पीपी-२ए सारखी विकरं वरचढ होतात, जाळं ठिसूळ होतं आणि पेशीच्या कडेकडून ओढणाऱ्या बलांनी त्याचे तुकडे होतात. कृमीच्या भ्रूणात ते अक्षरशः फाटताना दिसतं.

हे बिघडलं की काय होतं, हेही विचारलं जातं. थिओडोर बोव्हेरीने १९१४ मध्येच मांडलं होतं की जादा सेंट्रोसोममुळे गुणसूत्रांची वाटणी चुकून गाठी होऊ शकतात. सीडीके५आरएपी२, सीपॅप, स्टिल, सेप-१५२ यांच्या जनुकांतले दोष जन्मजात लहान मेंदूच्या आजाराशी जोडलेले आहेत, आणि पेरिसेंट्रिनचं जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल तर मूल संपूर्ण शरीरानेच अतिशय लहान राहतं, हे २००८ मध्ये कळलं. पण उलट बाजूही बघा. वनस्पतींच्या पेशी सेंट्रोसोमविना विभागतात, सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत सेंट्रिओल नसतात, आणि सेंट्रिओल नसलेल्या फळमाश्या प्रौढ होईपर्यंत वाढतात. मरतात त्या मुख्यतः सेंट्रिओलविना संवेदी पेशींतले पक्ष्माभ (केसासारखे बारीक तंतू) बनत नाहीत म्हणून. तर्कू बांधायचे इतर मार्ग पेशीकडे असतातच.

आता तुमचा प्रयोग. पेरिसेंट्रिन कमी असताना गॅमा-ट्यूब्युलिन पूर्ण जाईल ही अपेक्षाच चूक आहे. सेप-१९२ चं चक्र आणि सीडीके५आरएपी२ चं जाळं काही प्रमाणात शिल्लक राहतं. अपेक्षा करायची ती विभाजनात तेज कमी होण्याची, नाहीसं होण्याची नव्हे. म्हणजे ठिपका आहे की नाही हे न पाहता त्याचं तेज मोजा, आणि मोजताना टप्पा एकच ठेवा. गुणसूत्रं नुकती घट्ट होऊ लागलेल्या पेशीची तुलना मध्यरेषेवर रांग लागलेल्या पेशीशी केलीत, तर आवरण फुगण्यातला नैसर्गिक फरकच तुमचा परिणाम झाकून टाकील. सगळ्या पेशींची सरासरी काढलीत तर परिणाम दिसणारच नाही, कारण बहुतेक पेशी विभाजनात नसतात.

दुसरं, पेशी कुठल्या वापरल्या? आरपीई-१ सारख्या, पी-५३ (बिघाड झाला की पेशीचक्र अडवणारं प्रथिन) शाबूत असलेल्या पेशी सेंट्रोसोम बिघडला की चक्रातच थांबू शकतात. मग काचेवर विभाजनात सापडलेल्या पेशी म्हणजे बहुधा ज्यांच्यात पेरिसेंट्रिन पुरेसं उरलं होतं त्याच. वेस्टर्नची पट्टी सगळ्या पेशींची सरासरी सांगते, या मूठभर पेशींबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे त्याच काचेवर पेरिसेंट्रिनचंही रंजन करा आणि प्रत्येक ठिपक्यावर दोन्ही तेजं एकत्र मोजा.

तिसरं, पेशी एका टप्प्यावर आणायला रात्रभर नोकोडॅझोल (सूक्ष्मनलिका मोडणारं औषध) दिलं असेल तर तो प्रयोग बाजूला ठेवा. विभाजनाच्या सुरुवातीला पेरिसेंट्रिन सेंट्रोसोमवर पोहोचतं त्यातला बराच भाग डायनीन या वाहक प्रथिनाच्या साहाय्याने सूक्ष्मनलिकांवरून येतो, त्याचा आरएनएसुद्धा प्रथिन तयार होत असतानाच तसाच आणला जातो. सूक्ष्मनलिका मोडल्यात की तुमच्या नियंत्रण (पेरिसेंट्रिन कमी न केलेल्या) पेशींतही पेरिसेंट्रिन कमी पडतं आणि दोन्ही काचा सारख्या दिसू लागतात. आरओ-३३०६ हे रसायन देऊन पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवा, मग धुऊन सोडा आणि ठरावीक मिनिटांनी स्थिर करा.

स्थिर करायला उणे २० अंशांचं मिथेनॉल वापरा. फॉर्मल्डिहाइडने पेशीद्रवातलं गॅमा-ट्यूब्युलिन जागच्या जागी अडकतं आणि ती पार्श्वभूमी मोजमापात शिरते. ती वजा करताना ठिपक्याशेजारचंच वर्तुळ घ्या, पेशीबाहेरचा काळा भाग नको. आणि सूक्ष्मनलिका पुन्हा फुटण्याची चाचणी करा: पेशी बर्फावर ठेवून सूक्ष्मनलिका विरघळवा, ३७ अंशांच्या माध्यमात सोडा, साधारण अर्ध्या मिनिटाने आणि एक मिनिटाने स्थिर करा. पेरिसेंट्रिन कमी असलेल्या पेशीत ठिपका शाबूत दिसूनही भोवतीचं तारकाकार जाळं विरळ आणि आखूड निघालं, तर गॅमा-ट्यूब्युलिन आहे पण कामाला लागलेलं नाही असा अर्थ.

सोबत एक काच सेप-१९२ कमी केलेली आणि एक पीएलके-१ ला दाबणाऱ्या बीआय-२५३६ ची ठेवा. त्या दोन्हींतही विभाजनातल्या पेशींचे ठिपके तसेच ठळक राहिले, तर पेरिसेंट्रिनबद्दल विचार करायच्या आधी गॅमा-ट्यूब्युलिनच्या प्रतिपिंडाची बाटली बदला.